कावजीचं नाक

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्याने पुण्याकडे निघालं की फुलेनगर मागे पडतं, संगमवाडी येते आणि मग नदी. पलीकडे मुळा-मुठेच्या संगमापाशी, अठराव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत, कंपनी सरकारचा वकील चार्ल्स मॅलेट राहायचा. त्याची रेसिडेन्सी आता पाहायला मिळत नाही. खडकीची लढाई झाली तेव्हा, नोव्हेंबर १८१७ मध्ये, पेशव्यांच्या फौजेने ती जाळून टाकली. पण मॅलेट इथे होता त्या काळात पुण्याजवळ एका कुंभाराने एका माणसाला नवं नाक बसवलं, आणि असं नाक कसं बसवतात हे मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी समोर उभं राहून पाहिलं. 'आपल्या भागाला इतिहास नाही, नुसती ट्रॅफिक आहे' असं म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो. गोष्ट संपेपर्यंत सिग्नल सुटतो आणि ते निघून जातात, हा भाग वेगळा.

तिसऱ्या म्हैसूर युद्धात मराठे आणि इंग्रज टिपूविरुद्ध एका बाजूला होते. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारी माणसं गेली होती. त्यातला एक १७९२ मध्ये टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. तशाच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत परत आला, कंपनीने त्याला पेन्शन बांधून दिलं, आणि वर्षाहून जास्त काळ तो बिननाकाचा वावरला. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात त्याची हकिगत आणि चित्र छापून आलं. पत्राखाली सही म्हणून 'बी. एल.' एवढीच दोन अक्षरं. चित्र जेम्स वेल्सचं. हा स्कॉटिश चित्रकार तेव्हा पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं काढत होता. त्यातून सवड काढून जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेला दहा महिने झाल्यावर, त्याने या बैलवाल्याला समोर बसवलं.

छापील हकिगतीत त्याचं नाव कावसजी आहे आणि पुढे तो मराठा, शेतकरी जातीचा, असं म्हटलं आहे. कावसजी ऐकून आपल्याला पारशी आठवतो. कुणबी घरात ते कावजी असणार असं मला वाटतं, म्हणून मी त्याला कावजीच म्हणणार.

नाक कापणं हा वाक्प्रचार होण्याआधी ती शिक्षा होती. चोराला, बदफैलीचा आळ आलेल्या बाईला, शत्रूच्या माणसाला. तेव्हा नाक बसवणाऱ्याला गिऱ्हाइकांची वाण नसणार. ही शस्त्रक्रिया हिंदुस्थानात नवी नाही, फार जुन्या काळापासून चालत आली आहे, असं बी. एल.नेही नोंदवलं आहे. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ती अशी पाहिली:

मेणाचा पातळ पत्रा घ्यायचा आणि कापलेल्या नाकाच्या खुंटावर तो दाबून चांगलंसं नाक घडवायचं. मग तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि भोवती रेघ मारायची. रेघेच्या आतली कातडी सोडवून घ्यायची, पण सगळी नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवायची, तिच्यातून रक्त वाहतं राहतं. आता खुंटावरची जुनी, बरी झालेली जखम तासून पुन्हा ओली करायची आणि तिच्यामागे नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत एक चीर घ्यायची. कपाळाची कातडी खाली ओढून तिला अर्धा पीळ द्यायचा, म्हणजे कातडीची बाहेरची बाजू बाहेरच राहते, आणि तिची कड त्या चिरेत बसवायची. टाका नाही. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर माखून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवायच्या. चार दिवस दुसरं काही लावायचं नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे आत घालायचे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला भुवयांमधली ती जोडपट्टी कापून टाकायची.

मेण, कात, तूप, जुनेर. वस्तरा सोडला तर यातलं एकही असं नाही जे आमच्या धानोरी रस्त्यावरच्या किराणा दुकानात आणि पानाच्या टपरीवर मिळणार नाही. एका सर्जन मित्राला मी हे सगळं वाचून दाखवलं. मेणाच्या साच्याला त्याने मान डोलावली, काताला हसला, पंचविसाव्या दिवसाला मात्र गप्प झाला. कर्करोगाने नाक गेलेल्या रुग्णाला आजही कपाळाची कातडी वळवून नाक करतात, आणि ती जोडपट्टी आजही तीन-चार आठवड्यांनीच कापतात. आधी कापली तर नवं नाक मरतं. हा आकडा कुंभाराला कुणी सांगितला? ज्याने पंधराव्या दिवशी कापून पाहिलं असेल अशा कुणी पूर्वजाने, दुसरं कोण!

कुंभारच का, यावर मी बराच विचार केला आहे. वाळलेल्या मडक्याला ओला कान चिकटत नाही. आधी मडक्याची ती जागा खरवडून ओली करावी लागते, मग ओल्याला ओलं धरतं. बरी झालेली जखम तासून पुन्हा ताजी करणं हे नेमकं तेच. हा माझा तर्क, पुरावा नाही. पण पोथी न वाचता हात असंच शिकतो, यावर माझा विश्वास आहे.

आता प्रश्न असा की हे दोन डॉक्टर तिथे उभे का राहिले? साहेबाने कुंभाराकडे शिकायला जावं, ही नंतरच्या शंभर वर्षांत सहज घडणारी गोष्ट राहिली नाही. मला वाटतं, सुरुवातीच्या युरोपीय प्रवाशांनी आपल्याकडचे उपचार इतके निरखून पाहिले याचं कारण कुतूहलापेक्षा भीती हे होतं. ते मरत होते. १६७० च्या दशकात मुंबईत आलेला कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर लिहून गेला की पाचशे इंग्रज आले तर त्यातले शंभरही जगत नाहीत. दोन पावसाळे म्हणजे मुंबईत माणसाचं आयुष्य, ही म्हण पाद्री ओव्हिंग्टनने त्यानंतर नोंदवली. अशा गावात ताप आला की वैद्याची जात आणि धर्म विचारायला कोण थांबेल?

गोव्यात तर थांबत नव्हतेच. डच प्रवासी लिन्सखोटेन १५८० च्या दशकात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. त्याने जे पाहिलं ते १५९६ मध्ये छापलं: गोव्यात पुष्कळ हिंदू वैद्य आहेत, ते डोक्यावर छत्री धरवून ऐटीत फिरतात, हा मान वकील आणि बड्या सावकारांखेरीज इतर हिंदूंना नाही. आणि खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप, मठातले पाद्री यांचा स्वतःच्या देशबांधवांपेक्षा या वैद्यांवर जास्त भरवसा आहे. इन्क्विझिशन ज्या शहरात चालू आहे त्याच शहरात हे. सकाळी देवळं पाडण्याचा हुकूम काढायचा आणि संध्याकाळी पोट बिघडलं की पंडिताला बोलवायचं. पुढे १६१८ मध्ये गोव्याच्या नगरसभेने परवाना मिळणाऱ्या हिंदू वैद्यांची संख्या तीसवर मर्यादित केली. संख्या बांधावी लागली, यातच सगळं आलं.

गार्सिया द ऑर्टा मला या सगळ्यांत जवळचा वाटतो. पोर्तुगालचा हा डॉक्टर १५३४ मध्ये गोव्याला आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी उपचार करत राहिला, आणि १५६३ मध्ये गोव्यातच त्याचं औषधींवरचं संवादरूप पुस्तक छापलं गेलं. त्यातला पटकीवरचा संवाद वाचताना गंमत वाटते. इथले लोक काय करतात, तर भाताच्या पेजेत मिरी आणि जिरं घालून पाजतात, पायांना डाग देतात, वांब आले की हातपाय करकचून बांधतात, विडा चघळायला देतात. आपले उपाय कोणते, हेही तो मोकळेपणाने सांगतो. पेज हे शहाणपण होतं, हे आता कुणीही डॉक्टर कबूल करील. पाणी आणि पिष्ट पोटात जाणं हाच त्या रोगात जगण्याचा रस्ता. डाग मात्र निव्वळ छळ. शंभर वर्षांनी फ्रेंच डॉक्टर देलों यानेही टाचेला तापलं लोखंड लावण्याचा हाच उपाय नोंदवला. माझ्या आत्याच्या मनगटावर कावीळ उतरवण्यासाठी दिलेल्या डागाचा गोल वण शेवटपर्यंत होता. त्या डागानेच कावीळ गेली असं ती ठासून सांगायची. कावीळ बहुतेक वेळा आपणहून जाते, हे तिला सांगायची आमची हिंमत नव्हती. मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटावर डंबा देतात त्या बातम्या अधूनमधून येतात, तेव्हा मला ऑर्टाचा तो परिच्छेद आठवतो. एकाच खाटेवर पेजही होती आणि इस्त्रीसारखं लोखंडही, आणि जुनं म्हणून दोन्हींना सारखाच नमस्कार करणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आपलं पारडं कुठे झुकलं याबद्दल ऑर्टा प्रामाणिक आहे: आधी आपलं शास्त्र वापरायचं, भागलं नाही तर इथल्या वैद्यांचं. आमच्याकडे ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून निघून विश्रांतवाडीवरून पुण्याला जाते, त्या दिवशी हाच संवाद रस्त्यावर चालू असतो. एका मांडवात डॉक्टर मुलं-मुली फोडांवर मलम लावून गोळ्या देत असतात, दुसऱ्या मांडवात कुणी वारकऱ्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळत असतं. वारकरी आजी दोन्हीकडे जातात. गोळी पदराच्या गाठीला आणि तेल पायाला.

ऑर्टाचा शेवट वाईट झाला. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढून तीही जाळली. गोव्याच्या वैद्यांचं इतकं ऐकून घेणारा हा माणूस स्वतःच्या घरात मोकळेपणाने बोलू शकत नव्हता. कदाचित म्हणूनच दुसऱ्याचं ऐकायची त्याला सवय झाली असेल.

फ्रायरचा किस्सा वेगळ्या जातीचा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला साधारण एक वर्ष झालं होतं. जुन्नर मोगलांकडे होतं, आणि तिथल्या सुभेदाराने मुंबईहून या इंग्रज डॉक्टरला घाट चढवून बोलावून घेतलं. जनान्यात एक बेगम आजारी. रेशमी पडदा, पडद्याआडून एक हात बाहेर आला. नाडी पाहायची आणि त्यावरून रोग ओळखायचा. फ्रायरने नाडी पाहिली आणि सांगितलं, हिला काही झालेलं नाही. ते खरंच होतं. तो हात एका धट्ट्याकट्ट्या दासीचा होता, डॉक्टरची परीक्षा घ्यायला पुढे केलेला. पास झाल्यावर मग खऱ्या बेगमेचा अशक्त हात बाहेर आला. दुसऱ्या वेळी तो आत असताना पडदाच खाली आला, आणि आतल्या बायकांनी लाजल्यासारखं करून बोटांच्या फटींतून त्याला मनसोक्त पाहून घेतलं, असं तो रंगवून लिहितो. प्रवासी इथल्या उपचारांकडे पाहत होते, असं आपण म्हणतो. जुन्नरच्या त्या खोलीत कोण कुणाला तपासत होतं? टिंगरेनगरात 'फक्त नाडी पाहून निदान' असा फलक दिसतो तेव्हा मला ती दासी हवीशी वाटते.

याच्या थोडंच आधी फ्रेंच डॉक्टर बर्नियर मोगल दरबाराच्या आसपास होता. हिंदू वैद्य तापात लंघन करायला लावतात, मांसाचा रस देत नाहीत, हे त्याने लक्षपूर्वक नोंदवलं आहे. पण शरीराच्या आत काय असतं याचं त्यांना ज्ञान नाही, असा त्याचा निवाडा आहे. रक्त कसं फिरतं हे आपल्या धन्याला दाखवायला तो बकरी चिरायचा, तेव्हा म्हणे पंडित घाबरून पळून जायचे. पळाले असतील. पण बर्नियरने प्रश्न पंडितांना विचारला. चिरणं-कापणं हे काम आपल्याकडे पंडितांच्या हातून केव्हाच सुटून न्हाव्याकडे आणि कुंभाराकडे गेलं होतं, आणि त्यांच्या ओसरीवर बर्नियर कधी बसला नाही. व्हेनिसचा मनुची औपचारिक शिक्षण नसलेला, जमेल तसा डॉक्टर झालेला माणूस. त्याला ते दिसलं. औरंगजेब विजापूरवर चालून गेला त्या धामधुमीत मोगल छावणीतल्या माणसांची नाकं कापली जात, आणि इथले शस्त्रवैद्य भुवयांच्या वरची कातडी कापून खाली वळवत, पीळ देऊन ओल्या मांसाला ओलं मांस भिडवत. कावजीच्या शंभर वर्षं आधीची ही नोंद. विजापूर ते पुणे हे अंतर फार नाही. कला त्याच पट्ट्यात जिवंत होती, लिहिणाऱ्यांच्या वाटेवर मात्र ती क्वचितच आली.

म्हणूनच कुंभाराचं नाव आपल्याकडे नाही. कावजीचं आहे, दोन्ही डॉक्टरांचं आहे, चित्रकाराचं आहे, चित्र कोरणाऱ्या नटरचंही आहे. कुंभार नुसता 'वीट करणाऱ्या जातीचा एक माणूस'. गोऱ्यांचा अहंकार म्हणून हे सोडून देता आलं असतं, पण उदाहरणं आड येतात. मलबारातल्या वनस्पतींवर डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडने बारा खंड काढले, त्याच्या पहिल्याच खंडात, १६७८ मध्ये, रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचा जबाब देवनागरीत छापला आहे, सहीनिशी. आणि त्याच पुण्यात, त्याच वेल्सच्या हाताखाली, मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा चालली. तिथला गंगाराम तांबट नावानिशी नोंदला गेला, त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तांबट काही पंडित नव्हता. पण तो कागदावर काम करत होता आणि कागद विलायतेला जातो. कुंभाराचं काम कावजीच्या चेहऱ्यावर होतं आणि तो चेहरा पेन्शन घेऊन गावी गेला.

आपण तरी काय वेगळं केलं? प्लास्टिक सर्जरी सुश्रुताने शोधली, असं आता मोबाईलवर रोज येतं. सुश्रुतसंहितेत नाकाची शस्त्रक्रिया आहे, आणि उत्तम आहे. आधी झाडाच्या पानाने माप घ्यायचं, कातडी गालाची घ्यायची, श्वासासाठी नाकात नळ्या बसवायच्या. गालाची, कपाळाची नाही. मधल्या दीड-दोन हजार वर्षांत कुणीतरी गाल सोडून कपाळ घेतलं, पानाऐवजी मेण आणलं, नळीऐवजी बोळा. ही सुधारणा कुणाची, कुठल्या गावची? सुश्रुताला मान देताना त्या सगळ्यांना आपण त्याच्या पोटात ढकलतो. सोपं जातं, कारण त्याचं पुस्तक आहे.

मासिकात ही हकिगत छापून आल्यावर वीस वर्षांनी इंग्लंडमध्ये तिचं फळ दिसलं. लंडनचा सर्जन जोसेफ कार्प्यू मृतदेहांवर ही शस्त्रक्रिया करून पाहत राहिला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने नाक गमावलेल्या एका लष्करी अधिकाऱ्यावर ती केली. पट्टी सोडली तेव्हा हजर असलेला मित्र, अरे देवा, नाक आहे की, अशा अर्थाचं काहीतरी ओरडला. १८१६ मध्ये कार्प्यूने दोन शस्त्रक्रियांची हकिगत छापली. त्यात आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे. सुरी उचलण्याआधी त्याने मॅलेटला पत्र लिहून विचारलं होतं, हे खरं आहे का? मॅलेट तोवर विलायतेत म्हातारा झाला होता. त्याने उत्तर दिलं की खरं आहे, कुंभार आणि वीट करणारे लोकच हे काम करतात, फार पूर्वीपासून. आणि नेहमीच नाही, पण बहुधा ते यशस्वी होतं.

मासिकातल्या पत्रात हे 'नेहमीच नाही' नव्हतं. मला ते कावजीच्या चित्राहून मोलाचं वाटतं. कार्प्यू मेलेल्या माणसांवर शिकला, कुंभाराला जिवंत माणसांवरच शिकावं लागलं असणार, तेही क्लोरोफॉर्म यायला अजून पन्नास वर्षं असताना. बापाने केलं, पोराने मेण मळलं, कात कालवला, डोकं घट्ट धरून ठेवलं, आणि एक दिवस वस्तरा त्याच्या हाती आला. पहिलं नाक काळं पडलं असेल तर काय केलं त्याने? दुसऱ्यांदा कपाळ कापणं सोपं नाही, तिथली बरीचशी कातडी वापरून झालेली असते. त्या गिऱ्हाइकाने पैसे दिले का, की गावभर बभ्रा केला? वेल्ससमोर बसवायला जमलेलं नाक निवडलं गेलं, ते साहजिकच आहे. न जमलेली नाकं घेऊन माणसं पुण्याच्या बाजारात आणि हवेलीच्या गावांत भाजी विकत, बैल हाकत फिरत होती, आणि कपाळावरचा वण तेवढा जास्तीचा.